सशाची लाखोली

आमच्या घरातला व्हिडिओ गेम जिंकायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे ठरवायला आम्हाला अर्धा उन्हाळा आणि पाव पावसाळा लागला. जिंकायला त्याहून कमी वेळ लागला असता. पण आम्ही नागपूरची माणसं, आधी वाद झाल्याशिवाय कामाला हात लावत नाही, आणि वाद संपवायची घाई तर कोणालाच नसते.

मशीन मामाने आणलं. मामा मस्कतला नोकरीला होता आणि दोन वर्षांतून एकदा नेमका मे महिन्यात यायचा. नागपूर सोडून जायची ज्याची ऐपत असते तो ज्या दिवसांत निघून गेलेला असतो, त्या दिवसांत. आणि वर आमच्याच कूलरसमोर बसून सांगायचा की मस्कतमध्ये याच्यापेक्षा जास्त उकडतं. आम्हाला तो आमचा अपमान वाटायचा. त्या वर्षी त्याने आईसाठी साडी आणली, बाबांसाठी दाढीचं विजेवरचं मशीन आणलं, जे बाबांनी एकदा गालाला लावून ‘हे गुदगुल्या करते’ म्हणून कपाटात ठेवून दिलं, आणि दादाला नि मला मिळून हा गेम. मिळून. दोन भाच्यांना मिळून एक वस्तू आणणाऱ्या माणसाला स्वतःची मुलं नसतात, हे वेगळं सांगायला नको.

डबा उघडल्यापासून पंधरा मिनिटांत मी दादाच्या मनगटाला चावले होते. मामा तेव्हा आमरस खात होता. त्याने वाटी खाली न ठेवता निकाल दिला.

“भांडता काहून? जो हा गेम जिंकेल, मशीन त्याचं. बस, हो गया.”

चार दिवसांनी तो मस्कतला निघून गेला. त्याचं झालं ‘बस, हो गया’, आमचं तिथून सुरू झालं.

दादाची बारावी झाली होती आणि त्याला औरंगाबादला इंजिनिअरिंगला जायचं होतं. ऑगस्टमध्ये तो हॉस्टेलवर राहायला जाणार होता. म्हणजे तो जिंकला तर मशीन त्याच्या ट्रंकेतून औरंगाबादला जाणार, आणि मी जिंकले तर माझ्याकडे राहणार. मी तेरा वर्षांची होते. आमच्या घरात माझं म्हणून जे काही होतं ते आधी दादाचं होऊन गेलेलं असायचं. सायकल त्याची, स्वेटर त्याचा, भूगोलाच्या पुस्तकात नद्यांना मिशा काढलेल्या, त्याही त्याच्याच. हे मशीन पहिल्यांदाच कोऱ्या खोक्यातून माझ्यासमोर निघालं होतं. मला ते हवं होतं. त्याच्यापेक्षा मला त्याची जास्त गरज आहे असं मी स्वतःला सांगत असे, पण ते खोटं आहे. मला फक्त ते हवं होतं.

रामदासपेठेत एका डॉक्टरांच्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहायचो. बाहेरच्या खोलीत लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. त्याच्या मागची अँटेनाची वायर काढायची, तिथे मशीनची वायर लावायची, आणि चॅनेलचं बटण सरकवत सरकवत मुंग्यांमधून चित्र शोधायचं. खेळ असा होता. पडद्यावर जिने. सगळ्यात खाली एक ससा. जिन्यांवर गाजरं पसरलेली आणि दोन कोल्हे. सशाने गाजरं वेचत वर जायचं, कोल्ह्यांनी त्याला खायचं. सगळी गाजरं संपली की टुंई असा आवाज होऊन पुढचा मजला यायचा. तिथे जिने जरा वेगळ्या जागी आणि कोल्हे जरा जास्त घाईत. एका गाजराचे दहा गुण. ससे एकूण तीन. दहा हजार गुण झाले की एक ससा बक्षीस. आमच्या टीव्हीवर कोल्हा आणि गाजर एकाच रंगाचे दिसायचे. फरक एवढाच की एक जागेवर बसायचं आणि दुसरं धावायचं. पहिला आठवडा आम्ही कोल्हे वेचण्यात घालवला.

खोक्यात एक पुस्तिका होती, पण ती चिनी की जपानी लिपीत होती. तिच्यावर एक कुटुंब टीव्हीकडे बघून असं हसत होतं की त्यांच्या घरी कधी भांडणच झालेलं नसावं. खेळ जिंकला असं कधी म्हणायचं, हे त्या पुस्तिकेत लिहिलेलं असेलही. आम्हाला एवढंच दिसत होतं की मजले संपत नव्हते. कोल्हे दमत नव्हते. सशाचं घर कुठेच नव्हतं. कितीही चांगलं खेळा, शेवटी ससा मरायचा आणि खेळ संपल्याची पाटी यायची.

बाबा ऑफिसातून येऊन एक दिवस पंधरा मिनिटं शांतपणे बघत बसले. मग म्हणाले, “ज्यात रोज तेच जिने चढायचे, वेग वाढत जाणार आणि शेवटी मरायचंच आहे, त्याले खेळ नाही, नोकरी म्हणतात.” त्यानंतर त्यांनी या विषयात कधी लक्ष घातलं नाही.

जूनच्या मध्यावर दादाने शोध लावला की जिन्यांच्या रचना सोळाच आहेत. सतरावा मजला आला की पुन्हा पहिल्याचेच जिने. त्याने सोळा मजले पार केले आणि हातातली खेळायची दांडी खाली ठेवून जाहीर केलं, “जिंकलो.”

“कुठं लिहिलं आहे?” मी विचारलं.

“लिहायचं काय त्यात? सोळाच मजले आहेत. सोळाही झाले. संपला गेम.”

“संपला तं ससा खाली काहून उभा आहे? दहावी पास झालेल्याले परत पहिलीत बसवतात काय?”

“तुले बसवतील,” दादा म्हणाला. हा त्याचा नेहमीचा युक्तिवाद होता. मुद्दा हरला की तो माझ्या मार्कांवर यायचा. पण मुद्दा माझा होता. त्याचा ससा तेवढ्यात कोल्ह्याने खाल्ला, आणि खाल्लेल्या सशाचा मालक जिंकला असं म्हणायला मी तयार नव्हते.

मग माझा शोध लागला. डावीकडे दुसऱ्या जिन्याच्या टोकाला एक कोपरा होता. तिथे ससा उभा राहिला की कोल्हे येऊन, जणू काही आठवल्यासारखं, परत फिरायचे. मी तिथे थांबून, कोल्हे लांब गेले की चार गाजरं वेचून, परत येऊन, अशी सावकाश सावकाश एकेचाळीस हजारांवर गेले. तोपर्यंत आमच्या दोघांतला तो सगळ्यात मोठा आकडा होता. दादाचा तिळपापड झाला.

“हे चालत नाही. ही भित्र्याची चाल आहे.”

“ससा लपेल नाही तं काय कुस्ती खेळेल?”

“मशीनची चूक आहे ती. चुकीचा फायदा घेऊन जिंकणं म्हणजे कॉपी करून पास होणं.”

कॉपीचा उल्लेख त्याने मुद्दाम केला होता. सहावीत मी एकदाच सापडले होते. मी पुन्हा चावले.

शेवटी मामालाच विचारायचं ठरलं. तो महिन्यातून एका रविवारी डॉक्टरांच्या बंगल्यावर फोन करायचा आणि आम्ही सगळे धावत जायचो. तीन मिनिटांतली दोन आईने ‘जेवतो का’ आणि ‘काय जेवतो’ यांत घालवली. दादाने रिसीव्हर ओढून घेतला आणि एका दमात विचारलं, “मामा, जिंकणं म्हणजे नक्की काय?”

पलीकडून काही क्षण नुसती खरखर आली. मग मामाचा बदललेला आवाज, “भाऊजींची तब्येत बरी आहे न रे? खरं सांग.” आणि लाइन कटली. पुढच्या आठवड्यात त्याचं पत्र आलं, त्यात बाबांना धीर दिलेला होता.

अशा रीतीने प्रकरण आईकडे आलं. आई आतापर्यंत मशीनकडे फक्त अडॅप्टरच्या काळजीपोटी बघायची. तो अर्ध्या तासात इतका तापायचा की त्यावर पापड भाजता आला असता. म्हणून ती तो कूलरसमोर स्टुलावर ठेवायला लावायची. आम्ही घामाने निथळायचो आणि अडॅप्टर वाळ्याच्या वासाची गार हवा खात बसायचा. त्या दिवशी ती दारात बसून तांदूळ निवडत होती. आमचं भांडण ऐकून ऐकून कंटाळली आणि तिने मान वर केली.

“तो वरचा आकडा कुठवर जाते?”

आम्ही दोघांनी पडद्याकडे मान वळवली. हे आम्ही कधी बघितलंच नव्हतं. पाच आकड्यांची जागा होती. शेवटचा कायम शून्य.

“म्हणजे नव्याण्णव हजार नऊशे नव्वद,” दादा म्हणाला. “त्याच्या पुढं काय होते माहीत नाही.”

“मंग तिथं जाऊन पाहा न. एक लाख करा. लाखाच्या वर कोणी मागत नाही. देवसुद्धा मागत नाही.”

आई हे बोलू शकत होती, कारण आई लाखोलीवाली होती. तिने दोन लाखोल्या पुऱ्या केल्या होत्या, एक बेलाची, एक दूर्वांची. देवाला एक लाख पानं मोजून वाहायची, रोज हजार, असे शंभर दिवस. आसपासच्या चार बायका दुपारी एकत्र जमायच्या. एकीने पान वाहायचं, दुसरीने मोजायचं, शंभर झाले की वाटीत चण्याच्या डाळीचा एक दाणा टाकायचा. वाहणारी वेगळी आणि मोजणारी वेगळी, हा त्या बायकांचा कायदा होता, आणि तो सुप्रीम कोर्टाच्या बापाला बदलता आला नसता. वाहणाऱ्याने स्वतःच मोजलं की मन कुठेतरी पाच-पन्नास जास्त धरतं, असं त्यांचं म्हणणं. मागच्या गल्लीतल्या एक काकू एकट्याच मोजून लाख झाले म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांच्या उद्यापनाच्या दिवशी पाच लिटर दूध नासलं. ही गोष्ट आमच्याकडे गुरुत्वाकर्षणाच्या नियमासारखी सांगितली जायची.

म्हणून आईने तांदूळ निवडता निवडता गेम जिंकण्याची व्याख्या केली. लाख झाले पाहिजेत. रोज थोडे थोडे करून चालतील का, तर दादाने सांगितलं की मशीन बंद केलं की ते सगळं विसरतं. आईला मशीनची दया आली. “इतकंही ध्यानात राहत नाही त्याले?” मग एका बैठकीत लाख, असं ठरलं. मध्ये पॉजचं बटण दाबून जेवायला उठलेलं चालेल, कारण जेवायला उठलेलं देवालाही चालतं. कोपऱ्यात लपलेलं चालेल का, यावर दादा फार जोरात बोलला. आई म्हणाली, “बेल तोडताना आपण काटे चुकवतोच की. त्यानं काय पान कमी पवित्र होते?” मी दादाला जीभ दाखवली.

“आणि मोजणारा लागेल,” आई म्हणाली. “एकट्यानं केलं तं मी धरणार नाही. दोघं एकमेकांचे मोजा. लाख झाले की माह्यापुढं येऊन मोजणाऱ्यानं सांगायचं. खेळणाऱ्यानं नाही.”

यातली मेख तेव्हा आमच्या लक्षात आली नाही. घरात दुपारी आम्ही दोघेच रिकामटेकडे. म्हणजे दादाचा साक्षीदार मी, आणि माझा साक्षीदार दादा. ज्याला हरवायचं, त्यानेच आपण जिंकल्याचं सांगायचं. आई भाबडी होती असं मला बरीच वर्षं वाटत असे. आता वाटतं, तिच्या त्या चार बायकांमध्ये असं झालंच नसेल, कारण तिथे एकीचे लाख पुरे झाले म्हणून दुसरीचं काही जात नव्हतं.

जुलैभर आम्ही खेळलो. लाखाला अडीच तास लागतील असा दादाचा हिशेब होता, आणि अडीच तास नागपुरात काहीही सलग चालत नाही. चोपन्न हजारांवर लाइट गेली. साठ हजारांवर अडॅप्टरने जीव सोडला आणि दादाने तो खोलून, कसलीशी वायर जोडून परत जिवंत केला. एकदा मी सदुसष्ट हजारांवर असताना डॉक्टरांच्या बंगल्यातल्या आजी मुरंबा घेऊन आल्या आणि ‘हे काय गं, उंदीर का?’ म्हणून पडद्यासमोर उभ्या राहिल्या. एक खेळायचा, दुसरा पाठीमागे वेताच्या मोड्यावर बसून आकड्याकडे डोळे लावायचा. सुरुवातीला मोजणारा खोकायचा, पाय वाजवायचा, ‘कोल्हा आला, कोल्हा आला’ करायचा. मग तेही बंद झालं. अडीच तास नुसतं बघत बसलं की माणूस नकळत सशाच्या बाजूचा होतो.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी आई दादाच्या हॉस्टेलचं सामान आणायला सीताबर्डीवर गेली होती. दादाने जेवून खेळ सुरू केला. त्या दिवशी त्याचा हात काही वेगळाच चालत होता. पन्नास हजारांपर्यंत त्याचा एकच ससा गेला. सत्तर हजारांना कोल्हे इतके वेगात होते की ते दिसायचे नाहीत, नुसती पडद्यावर ओढलेली रेघ दिसायची. मी अडॅप्टरवर हात ठेवून बसले होते. तो फार तापला की कूलर जवळ ओढत होते. नव्वद हजारांनंतर मी मोड्यावरून उठून त्याच्या खांद्याशी येऊन बसले आणि कधी ओरडायला लागले ते मला कळलं नाही. “डावीकडे! डावीकडे गा! आता वर!” मी त्याची शत्रू आहे हे मी साफ विसरले होते.

नव्याण्णव हजार नऊशे सत्तर. ऐंशी. नव्वद. मग ससा अजून एका गाजरावरून गेला आणि वरचे पाचही आकडे एकदम शून्य झाले.

ना टुंई झालं, ना पाटी आली, ना कोणी हसलं. पाच शून्यं. ससा खाली तसाच धावत होता, जणू त्याने काही केलेलंच नाही.

दादाने दांडी फेकून दिली. मला दोन्ही हातांनी उचललं, तेरा वर्षांच्या घोडीला, आणि खोलीभर फिरवलं. मी किंचाळत होते. आम्ही दोघेही हसत होतो. मागे कोल्ह्यांनी उरलेले ससे एकामागून एक खाऊन टाकले, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मग दादाने मला खाली ठेवलं आणि म्हणाला, “औरंगाबादले पोरं पागल होतील हे मशीन पाहून.”

दार वाजलं. आई आत आली. तिच्या एका हातात नवी कोरी प्लास्टिकची बादली होती, बादलीत स्टीलचं ताट, पेला, साबणाची डबी, सगळं दादाचं.

“आई, लाख झाले!” दादा ओरडला.

आईने बादली ठेवली आणि टीव्हीकडे बघितलं. तिथे खेळ संपल्याची पाटी होती आणि वर ठळक, स्वच्छ, पाच शून्यं.

“इथं तं काहीच नाही.”

“लाख झाल्यावर शून्य होते आई! जागाच पाच आकड्यांची आहे न! इले विचार.”

आई माझ्याकडे वळली. “काय वं? तू मोजून राहिली होती न? झाले काय?”

मी त्या बादलीकडे बघत होते. तिच्यावर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. मला वाटलं, याला बादलीही नवी, ताटही नवं, गावही नवं, आणि आता मशीनही. मी एवढाच विचार केला. याच्यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि नंतरही मला सापडलं नाही.

“मले नाही माहीत,” मी म्हणाले. “मी पाणी प्यायले उठली होती. आली तं शून्य होतं.”

दादाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं तो मारेल. मी त्यासाठी खांदे आवळूनही घेतले होते. त्याने हात उचलला नाही. मग त्याने मला शिव्या द्यायला सुरुवात केली, आणि त्याही इतक्या साध्या की माझी खात्री पटली, याला खरोखर लागलं आहे. खोटी, चोट्टी, एवढंच. नेहमी तो याहून कितीतरी कल्पक असायचा.

“मोजणारी नाही म्हणते तं नाही,” आई म्हणाली. “पुन्हा कर. पुन्हा होतील.” तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. लाखोलीत हजार-पाचशे इकडेतिकडे झाले की त्या बायकाही पुन्हा वाहायच्या.

पुन्हा झाले नाहीत. त्याच्याकडे दहा दिवस होते. एकदा तो त्र्याऐंशी हजारांपर्यंत गेला, एकदा एकाहत्तर, मग चाळीसच्या पुढे जाईना. मी मागे मोड्यावर बसून असायचे. आता मी ओरडत नव्हते. शेवटचे दोन दिवस त्याने मशीन लावलंच नाही.

तो गेला त्या दिवशी आम्ही सगळे एसटी स्टँडवर गेलो. ट्रंक टपावर चढली. बाबांनी त्याला दहा सूचना केल्या, आईने बारा. गाडी सुरू झाल्यावर त्याने खिडकीतून मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता येतो आहे काहीतरी. तो म्हणाला, “अडॅप्टरची वायर मी टेप लावून ठेवली आहे. ओढू नको तिले. आणि कूलर बंद झाल्यावर एक तासाच्या वर खेळू नको.”

याच्यापेक्षा त्याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मी घरी येईपर्यंत त्याच्यावर चिडले होते. चोरी आपण केली असताना समोरच्याने चांगलं वागणं ही मला फार नीच चाल वाटली.

मशीन माझं झालं. तसं कोणी जाहीर केलं नाही, पण घरात दुसरं कोणी खेळणारं नव्हतं. खोलीही माझी, दांडीही माझी, दुपारही माझी. पहिल्या दिवशी मी हौसेने मशीन लावलं आणि बारा हजारांवर बंद केलं. कोणाला सांगणार बारा हजार? मागचा मोडा रिकामा होता. मी मैत्रिणींना बोलावून बघितलं. त्यांना दहा मिनिटांत कंटाळा यायचा आणि त्या आईकडे चिवडा मागायच्या. एकीने तर मला विचारलं, “यात जिंकायचं कसं असते?” मी तिला आणखी चिवडा आणून दिला.

तरीही मी खेळत राहिले. कशासाठी ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. सप्टेंबर संपत आला होता. आई तिच्या बायकांत गेलेली, बाबा ऑफिसात. लाइट गेली नाही, अडॅप्टर तापला नाही, मुरंबा आला नाही. मी कोपरा वापरला नाही. मुद्दाम वापरला नाही. नव्याण्णव हजार नऊशे ऐंशी, नव्वद, आणि मग पाच शून्यं.

मी मागे वळून बघितलं. तिथे कोण असणार होतं? मी दांडी हातात घेऊन बसले होते आणि पडद्यावर लिहिलेलं होतं की मी काहीच केलेलं नाही. बाहेर डॉक्टरांचा माळी झाडांना पाणी देत होता. त्याला बोलावून दाखवावं असंही एकदा मनात आलं. पण दाखवणार काय, शून्य? त्या क्षणी मला दादाची शपथ घेऊन ओरडावंसं वाटलं की झाले, झाले, खरंच झाले. आणि मग मला रडू आलं, कारण त्यानेही तेच ओरडून सांगितलं होतं आणि त्याच्याजवळ तर बघणारं माणूस होतं.

आई आल्यावर मी सांगितलं, “आई, माह्ये लाख झाले.”

“कोणी मोजले?”

“कोणीच नाही.”

“मंग नाही झाले,” आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

त्या रात्री मी दादाला आंतर्देशीय पत्र लिहिलं. पहिल्या पानावर पाऊस, शाळा, बाबांची सायकल पंक्चर. दुसऱ्या पानावर बंगल्यातल्या आजींचे दात. सगळी जागा भरून टाकली, आणि जिथे डिंक लावून घडी घालतात त्या पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलं, ‘माझे आज लाख झाले. कोणी पाहिले नाही. तुझे झाले होते. मी पाहिले होते. मशीन दिवाळीला आलास की घेऊन जा.’ आणि भीती वाटून लगेच चिकटवून टाकलं. सकाळी पोस्टाच्या डब्यात टाकताना अर्धं पत्र आत आणि अर्धं बाहेर असं मी बराच वेळ धरून ठेवलं होतं.

दहा-बारा दिवसांनी उत्तर आलं. पत्र नव्हतं, पोस्टकार्ड होतं, आणि माझ्या नावाने नव्हतं, आईच्या नावाने होतं. मी शाळेतून आले तेव्हा आई ते हातात घेऊन दारात उभी होती. चष्मा वर करून तिने मला वाचून दाखवलं.

“‘सौ. आईस साष्टांग नमस्कार. छोटीचे लाख झाले आहेत. मी मोजले. मशीन तिचे आहे. इकडे जेवण बरे आहे.’”

तिने कार्ड उलटं करून बघितलं, पुन्हा सुलटं केलं.

“हा तिथं औरंगाबादले बसून तुह्ये कसे काय मोजून राहिला वं?”

 दप्तर खांद्यावरच होतं आणि माझं नाक वाहत होतं, आणि मनातल्या मनात मी त्याला मला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या देत होते. माझ्यासाठी तो सरळ, उघड्या पोस्टकार्डावर, आईशी खोटं बोलला होता. मी त्याच्यासाठी खरंसुद्धा बोलले नव्हते.

आईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग सावकाश विचारलं, “आणि त्याचे?”

“मी मोजले,” मी म्हणाले. “मी पाणी प्यायले उठलीच नव्हती, आई.”